वुक कराजिच आणि गायकाचे नाव

लोकगीत ही अनामिक समूहमनाची निर्मिती होय, हा स्वच्छंदतावादी सिद्धान्त मांडताना एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी सर्बियन गीतांचा आधार वारंवार घेतला. ज्याने ती गीते टिपून घेतली त्या वुक कराजिचच्या (१७८७–१८६४) नोंदी मात्र या सिद्धान्ताला फारशा अनुकूल नाहीत.

त्र्शिच या खेड्यात जन्मलेला वुक १८०४मध्ये सुरू झालेल्या तुर्कांविरुद्धच्या उठावात लेखनिक होता. १८१३मध्ये उठाव मोडल्यावर तो व्हिएन्नाला आला. तेथील स्लाव्ह ग्रंथांचा सेन्सॉर येर्नेय कोपितार याने त्याला गीतसंकलनाकडे वळवले. १८१४चा पहिला लहानसा संग्रह बव्हंशी आठवणीतून सिद्ध झालेला आहे. १८१८च्या कोशात सव्वीस हजारांवर शब्द आहेत. अर्थ सांगता सांगता वुक चालीरीती, लोकसमजुती, पाऊस मागत दारोदार फिरणाऱ्या मुलींचा विधी यांचीही वर्णने देतो. सर्बियन लोकजीवनाच्या अभ्यासाचा आरंभ येथे शोधावा लागतो.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती चौथ्या खंडाची १८३३मधील प्रस्तावना. तीत गायक नावानिशी भेटतात. तेशान पोद्रुगोविच हा एके काळचा बंडखोर. तो गीते गात नसे, नुसती सांगत असे. अंध फिलिप विश्निचने समकालीन उठावावरच गीते रचली. म्हातारा मिलिया याच्या नेमका उलट: त्याला गाता येई, सांगता येत नसे. मद्य घेतल्याखेरीज तो गाईना, आणि गाऊ लागला की ओळींचा क्रम बिघडे. चार गीते उतरवून घ्यायला वुकला पंधरा दिवसांहून अधिक लागले. (समूहमनाला असल्या अडचणी येत नसाव्यात!) त्यांपैकी 'बानोविच स्त्राहिन्या' या गीतात शत्रूच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पत्नीला नायक क्षमा करतो. ही नैतिक गुंतागुंत 'परंपरे'च्या खात्यावर जमा करणे म्हणजे मिलियावर अन्याय करणे होय. वर्षभराने तो वारल्याचे वुकला कळले; त्याची उरलेली गीते त्याच्याबरोबर गेली.

येथे एक विसंगतीही नोंदवावयास हवी. अंध झिवाना हिच्यासारख्या स्त्रियांची नावे वुक देतो, पण ती वीरगीतांच्या संदर्भात. ज्यांना त्याने 'स्त्रीगीते' म्हटले ती भावगीते बहुतांशी नावाविनाच छापली गेली. त्याचे स्पष्टीकरण असे की, ही गीते गाणारा स्वतःच्या मनोरंजनासाठी गातो, तर वीरगीत दुसऱ्याने ऐकावे म्हणून गायिले जाते. म्हणजे श्रोता असेल तेथेच त्याला कर्ता दिसला. समूहमनाच्या सिद्धान्ताला आयता पुरावा मिळाला तो याच अर्ध्या भागातून.