बरोबरीच्यांची साक्ष

पश्चिम खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास लिहायला घेतला की पहिली पाने परदेशी नावांनीच भरतात. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी या मिशनची आणि स्वीडिश अलायन्स मिशनची माणसे नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात आली. पहिल्या संस्थेने १९४९ मध्ये नाव बदलले आणि ती ‘टीम’ झाली. बंगले, बोर्डिंग, दवाखाने उभे राहिले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय तर आजही चालू आहे. ही सगळी नोंद खरी आहे, पण तिच्यात एक मोठी पोकळी राहते. मूठभर परदेशी, त्यांची शिकून घेतलेली मराठी, आणि समोर मावची, भिल्ली, पावरी बोलणारे विखुरलेले पाडे, एवढ्यावर विश्वास एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जात नाही. तो सोयऱ्यांकडून सोयऱ्यांकडे, सोबत्याकडून सोबत्याकडे जातो. म्हणून आजच्या ख्रिस्ती मुलामुलींना आपल्या वयाच्या मित्रांशी विश्वासाबद्दल बोलायला कसे तयार करावे, या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आलेल्या पुस्तिकांत शोधण्याआधी या मुलखाच्या आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात शोधावे असे मला वाटते. तो इतिहास सांगतो की साक्ष टिकली ती बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना दिलेली. जिथे देणारा वरच्या पायरीवर होता, तिथे ती वादात सापडली आणि बहुतेक वेळा तो वाद रास्त होता.

या वादाची सुरुवात मुंबईत झाली आणि तिच्या केंद्रस्थानी किशोरवयीन मुलेच होती. १८३९ च्या मे महिन्यात स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुलांना शाळेतून धडाधड काढून घेतले. चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा जेमतेम बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या आश्रयाला जाऊन राहिला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केले. पण मिशनरींच्या घरी जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून शहर दुभंगले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे मोठे काम उभे करणारे धर्मोपदेशक झाले, त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण श्रीपतचा प्रश्न निराळा आहे. त्याच्यासमोर बोलणारे मोठे होते, शिकलेले होते, राज्यकर्त्यांच्या वर्णाचे होते. अशा वेळी मुलाचा होकार त्याचा स्वतःचा किती आणि समोरच्याच्या दबदब्याचा किती, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. श्रीपतच्या बापाचा संताप केवळ जातीचा अहंकार म्हणून निकालात काढणे मला पटत नाही. आपल्या पाठीमागे आपल्या लेकराशी कोणी तरी त्याचा देव बदलण्याची बोलणी करत होते, ही वेदना कोणत्याही धर्माच्या बापाची आहे.

दुष्काळांनी ही विषमता आणखी वाढवली. १८९६-९७ चा दुष्काळ, मग छप्पन्न्याचा दुष्काळ. अन्न देणारा आणि अन्न घेणारा यांच्यातल्या धर्मसंवादाला बरोबरीचा संवाद म्हणता येत नाही. तरीही त्याच दुष्काळातून एक वेगळी गोष्ट निघाली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात वाढत होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी त्यांना रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावले तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनमध्ये आसपासच्या गावांत जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे, असे विचारल्यावर सुमारे तीस मुली उभ्या राहिल्या. पुढे महिनाअखेरीस तिथे जे संजीवन सुरू झाले त्याची चर्चा जगभर झाली. मुक्ती सदनातल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी ती हकीकत इंग्रजीत लिहिली म्हणून ती बाहेर पोहोचली. मला मात्र त्या संजीवनापेक्षा आधीचे पाच-सहा महिने महत्त्वाचे वाटतात. या मुलींना काय दिले गेले होते? वाचायला शिकवले होते, बायबल हातात दिले होते, प्रार्थनेची सवय लावली होती आणि मग विचारले होते. हुकूम नव्हता. शिवाय ज्या बायकांशी त्या बोलणार होत्या, त्यांच्याच घरांतल्या दुःखातून त्या आल्या होत्या. वैधव्य, उपासमार, टाकून दिले जाणे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. अन्नदात्याच्या छपराखाली वाढलेल्या मुलींचा विश्वास कितपत मोकळा, असे कोणी विचारील तर तो प्रश्न मी टाळणार नाही. पण गावात गेल्यावर त्यांच्या हाती द्यायला धान्य नव्हते, फक्त स्वतःची गोष्ट होती.

आता नंदुरबारकडे वळू. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशचा पुढे धुळे झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. या मुलखात नवा विश्वास किंवा नवा नेम कसा पसरतो याचे दोन मोठे दाखले विसाव्या शतकातले आहेत आणि दोन्ही ख्रिस्ती नाहीत. पहिला देवीचा. १९२२ च्या सुमारास किनाऱ्याकडून निघालेली ही लाट डांगातून खानदेशात आणि सुरतेच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. सलाबाई नावाची देवी अंगात आलेली साधीच माणसे बोलायची: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, अंघोळ करा, दारूच्या गुत्तेवाल्याकडे कामाला जाऊ नका. एका गावाने ऐकले की ते गाव पुढच्या गावाला सांगे. मठ नव्हता, पगारी उपदेशक नव्हता. दुसरा दाखला तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांचा. १९३७-३८ मध्ये त्यांच्या सोमवारच्या आरतीला डोंगरातून माणसांचे लोंढे येत. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारायची. १९३८ मध्ये ते वारल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ती चळवळ पुढे नेली. दोन्हीकडे वाहक तेच होते: शेजारचा, सोयरा, वयाने बरोबरीचा. आणि दोन्हीकडे साक्षीचे पहिले चिन्ह शब्द नव्हते, सोडलेला पेला होता.

ख्रिस्ती झालेल्या मावची आणि भिल्ल घरांनीही दारू सोडली, आणि त्याचे मोल बाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. मोहाची दारू इथे केवळ नशा नाही. बारशाला, लग्नाच्या बोलणीला, मयताला, देवाच्या पूजेला धार जमिनीवर सोडून मगच प्यायची असते. ती नाकारणारा पोरगा मंडपातल्या सगळ्यांच्या नजरेत येतो. तू का घेत नाहीस, हा प्रश्न त्याला न मागताच विचारला जातो. फाल्गुनात काठी गावच्या होळीला सारा सातपुडा जमतो, ढोल वाजतात, घुंगरू बांधून रात्रभर नाच चालतो. मित्र विचारतात, येतोस ना? महाशिवरात्रीला याहामोगी देवीच्या दर्शनाला देवमोगऱ्याला निघालेले सोबती विचारतात, तुझी माणसे का येत नाहीत? नवापूर किंवा अक्कलकुव्याच्या ख्रिस्ती किशोराची साक्ष इथे सुरू होते, आणि या प्रश्नांना तयार उत्तरांच्या कोणत्याही पुस्तिकेत उत्तर नसते. त्या पुस्तिका देव आहे की नाही, विज्ञान आणि बायबल यांचा मेळ कसा घालायचा, असल्या प्रश्नांवर पाने खर्चतात. इथल्या सोबत्याला देवाच्या असण्याबद्दल शंका नाही. त्याची शंका अशी की, तू अजून आमचा आहेस का?

म्हणून तयारी कशाची, याचे उत्तर मला दोन गोष्टींत दिसते. पहिली, स्वतःच्या तोंडाने बोलण्याची सवय. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संस्था काढली. तिची खरी नवलाई अशी की दर आठवड्याच्या सभेत प्रत्येक तरुण सभासदाने काहीतरी बोललेच पाहिजे, पाळकाने नव्हे. ही चळवळ हिंदुस्थानात इतकी रुजली की १९०९ चे तिचे जागतिक अधिवेशन आग्र्याला भरले. आज आमच्या कित्येक मंडळ्यांत तरुण संघाच्या सभेत निम्मा वेळ वडीलधारेच बोलतात आणि पोरे ऐकतात. मग चारचौघांत बोलायची वेळ आली की पोरांच्या तोंडून वडीलधाऱ्यांचीच वाक्ये बाहेर पडतात. दुसरी गोष्ट, भाषा आणि गाणे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची चोवीस वर्षे मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन मिळवून देण्यात घालवली. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. टिळकांनी मराठीसाठी जे केले ते मावची आणि भिल्लीसाठी अजून पुरते झालेले नाही. मावचीत नवा करार आहे. पण शब्बाथ शाळा मराठीत, गीतांचे पुस्तक मराठीत आणि मित्रांशी गप्पा मावचीत, अशी फाळणी झाली की पोराला आपल्या विश्वासाबद्दल आपल्याच बोलीत सांगायला शब्द सापडत नाहीत.

यावर पहिला आक्षेप घरच्यांचा नसून बाहेरचा आहे, आणि तो वजनदार आहे: पंधरा वर्षांच्या मुलांना धर्मप्रचाराच्या कामाला लावणे हेच गैर नाही का? शिवाय वसतिगृहात सोबत्यांचा दबाव हाही दबावच असतो. हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच श्रीपतची आठवण प्रत्येक तरुण संघात करून द्यावी असे म्हणतो. मित्राच्या आईबापांपासून लपवून काही करायचे नाही. खाऊ, वह्या, फी, आजार बरा होण्याची हमी यातले काहीही गोष्टीच्या जोडीला ठेवायचे नाही. त्याच्या देवाची टिंगल करायची नाही. आणि बाप्तिस्म्याचा विषय अल्पवयीन सोबत्याशी काढायचाच नाही, तो ज्याचा त्याने मोठा झाल्यावर ठरवायचा. ही बंधने पाळून जे उरते ते प्रचार नसून मैत्रीतले मनमोकळे बोलणे आहे, आणि तेवढा हक्क मुलांना असतो. मुले आपापसांत क्रिकेटवर बोलतात, प्रेमावर, मरणावर, भुताखेतांवर बोलतात. फक्त देवावर बोलू नका असे त्यांना सांगणे अन्यायाचे होईल.

दुसरा आक्षेप कायद्याचा. सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. राज्याची सीमा फलाटावरच्या बाकावरून जाते. तिच्या पलीकडे २००३ पासून गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, त्यात अल्पवयीन, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत शिक्षा अधिक कडक आहे. अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, महाराष्ट्र सरकारनेही सक्तीच्या धर्मांतराच्या प्रश्नावर पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा आणि पसरवण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना हा निकाल अन्यायकारक वाटतो. किशोरांपुरते बोलायचे तर त्याने आखलेली रेघ मला योग्य वाटते: सांगणे आपले, ठरवणे त्याचे. पण भीती खोटी नाही, आणि ती फक्त कायद्याची नाही. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगात प्रार्थनाघरे जाळली गेली, त्याची धग नवापूरच्या गावांपर्यंत जाणवणे साहजिक होते. ज्या पोरांना साक्षीला तयार करायचे त्यांना हा इतिहासही सांगितला पाहिजे, कारण आपल्या बोलण्याने कोणाच्या घरावर काय ओढवू शकते हे न कळता बोलणे म्हणजे धैर्य नव्हे.

तिसरा आक्षेप आदिवासी अस्मितेचा. ख्रिस्ती झालेल्यांना जमातीच्या यादीतून काढावे या मागणीने तो आणखी धारदार केला आहे. या आक्षेपाला चर्चा करून उत्तर देता येत नाही, जगूनच द्यावे लागते. काठीच्या होळीला पूजा न करताही ढोल वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभे राहता येते, मयताला खांदा देता येतो, भावकीच्या शेतात लावणीला जाता येते. जिथे मंडळ्यांनी तरुणांना या सगळ्यापासून तोडले तिथे त्यांनी सोबतीही तोडले आणि साक्षही. आणि मंडळीतून जो चौथा आवाज येतो, की एवढ्या बंधनांनी सुवार्तेचा जोम जाईल, त्याला उत्तर पेत्राच्या पहिल्या पत्रातच आहे. तिथे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहायला सांगितले आहे, पण ते नम्रतेने द्यायलाही त्याच दमात सांगितले आहे. विचारणारा आधी यावा लागतो.

माझी एक साधी सूचना आहे. या मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरात परदेशी पाठ्यपुस्तकाचा एक आठवडा कमी करावा आणि प्रत्येक मुलाला घरी पाठवून विचारायला लावावे: आपल्या घरात येशूचे नाव पहिल्यांदा कोणी ऐकले, कोणाकडून, कोणत्या बोलीत, आणि ज्यांनी ऐकूनही नाही म्हटले त्या भावकीशी पुढे कसे निभावले? मिळेल ते मावचीत किंवा भिल्लीत जसेच्या तसे लिहून आणावे. ऐंशी ओलांडलेली माणसे नवापूर तालुक्यात अजून आहेत, ज्यांच्या आईबापांनी पहिल्यांदा पेला बाजूला ठेवला होता.