पार्ल्याची गच्ची आणि पुण्याची दुर्बीण

गच्चीवर दुर्बीण लावली की एक प्रश्न हमखास येतो, "अहो, पार्ल्यातून काय दिसणार?" प्रश्न रास्तच आहे. जवळच विमानतळ, हायवेचा झगमगाट, त्यात चांदणं! तरीही मृग नक्षत्रातल्या बाणाखालचा तेजोमेघ आपल्या गच्चीवरून चक्क पौर्णिमेलाही टिपता येतो. कसा, त्याचा इतिहास पुण्यातून जातो.

तारा सगळ्याच रंगांत प्रकाशतो; अशा तेजोमेघातला विरळ वायू मात्र मोजक्याच. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर रंगांचा सलग पट्टा नाहीच, नुसत्या सुट्या रेषा! त्यातली ठळक हिरवट रेषा कशाची, यावर वाद पेटला. नॉर्मन लॉकियर म्हणत, मॅग्नेशियमची.

इकडे भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब यांची २० इंची दुर्बीण त्यांच्याकडे होती. मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा तपासून १८९१ साली त्यांनी जाहीर केलं, की ती बारीक, रेखीव आहे. मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी पसरट नाही. पुढे १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची!

कॅमेऱ्यापुढे आम्ही लावतो तो एक फिल्टर हीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा आत सोडतो, दुसरा हायड्रोजनची लाल ६५६.३ची. फट जेमतेम ३ ते ७ नॅनोमीटरची. चांदणं म्हणजे उसना सूर्यप्रकाश, सगळ्या रंगांत वाटलेला. तो बहुतेक बाहेरच राहतो. या रेषेचा प्रकाश मात्र आत येतो. निळा-हिरवा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून पौर्णिमेच्या आसपास लाल फिल्टरच बरा. मग काही मिनिटांचे एकेक, असे बरेच फोटो काढून एकत्र करायचे. दीर्घिकांना मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांतला. त्यांच्यासाठी अमावास्येला वांगणीची लोकल पकडावी लागते.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर पुण्यातलं ते काम थांबलं, ही गोष्ट मला सारखी टोचते.

म्हणून सोसायटीच्या या रौप्यमहोत्सवी वर्षात एक विनंती. हे सगळं माझ्या एकट्याकडे राहू नये. सातवीच्या पुढच्या मुला-मुलींनी खुशाल वर यावं, दुर्बिणीला हात लावावा, फोटो जोडायला शिकावं. पालकांनी परवानगी द्यावी आणि कमिटीने त्या रात्री जिन्याच्या टोकाचा दिवा तेवढा बंद ठेवावा. चंद्राचं आमचं आम्ही बघून घेऊ!