लाल मुनिया, अहमदाबाद आणि घरट्याची पेटी

लाल मुनियेच्या शास्त्रीय नावात अहमदाबाद लपलेलं आहे, हे मुलांना सांगितलं की ती आधी हसतात. 'अमंदावा' म्हणजे अहमदाबादच. सुलतान अहमदशाहने 1411 मध्ये वसवलेलं शहर गुजराती तोंडी अमदावाद झालं, परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी आणखी बदललं, आणि 1758 मध्ये लिनियसने ते पाखराला कायमचं चिकटवलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे जायची खोड जुनीच.

पण हे पाखरू काही एकट्या अहमदाबादचं नाही. उंच गवत आणि पाणथळ जागा असेल तिथे ते देशभर दिसतं, आपल्या महाराष्ट्रातही. अहमदाबादला फक्त त्याचा बाजार होता. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात सुरतेत होता (हाच पुढे जुन्नरलाही येऊन गेला). अमदावादहून येणाऱ्या या ठिपकेवाल्या पाखरांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की एका पिंजऱ्यात 50 असतात, एकाने सूर धरला की बाकीची साथ देतात.

एका पिंजऱ्यात 50! त्या पिंजऱ्यात घरट्याला जागा कुठली? आणि गरज तरी कुणाला होती? गवतात जाळं टाकलं की नवी पाखरं मिळत होती. माझ्या मते पिंजऱ्यातल्या पाखरांच्या इतिहासात हाच मोठा फरक आहे. जे पाखरू रानातून स्वस्तात मिळतं, त्याच्यासाठी कुणी घरटं बांधत बसत नाही.

'बंगाली फिंच'चं उदाहरण घ्या. हा बंगालचा नाही. पांढऱ्या पाठीची मुनिया आपल्या सह्याद्रीतही आहे; तिचीच चीनमधली पाखरं 18 व्या शतकात जपानला गेली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढवली गेली. समुद्रापलीकडून आणलेलं पाखरू वाया घालवणं परवडत नसावं. जपानी लोक त्यांच्यासाठी भाताच्या पेंढ्याची, पुढे तोंड असलेली मडक्यासारखी घरटी विणतात. तशी घरटी तिथे आजही मिळतात. आज हा पक्षी इतका माणसाळलाय की दुसऱ्या जातीच्या फिंचची अंडी त्याच्याखाली ठेवली तरी तो उबवतो, पिल्लांना भरवतोही.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या देशाने 1960 मध्ये आपल्या वन्यजीवांची निर्यात बंद केली. म्हणजे आपल्या बाजारात दिसणारे झेब्रा हे पिंजऱ्यात जन्मलेल्यांचे वंशज, कुणाच्या तरी लाकडी पेटीत नाहीतर मडक्यात वाढलेले.

आता आपल्या घरातली गोष्ट. पाखरं धरणाऱ्यांमध्ये बिहारचा मीरशिकार समाज मुस्लिम आहे. नाव बादशाही थाटाचं, शाही शिकारीच्या अधिकाऱ्याचं. आणि हाती राहिलं जाळं, लासा आणि गरिबी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी रानातली देशी पाखरं धरणं, विकणं, पाळणं गुन्हा ठरवलं. कायदा बरोबरच आहे. हिरवी मुनिया आज धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, ती काही उगाच नाही. पण ज्यांचं पोट त्या जाळ्यावर होतं त्यांचं काय, हा प्रश्न आपल्या लिखाणात फारसा येत नाही. त्याच समाजातले अली हुसेन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीबरोबर काम करत होते. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यासाठी ते इजा न करता धरून द्यायचे. तेच हात, तीच विद्या, फक्त धरलेलं पाखरू पुन्हा सोडून द्यायचं. असं काम आणखी किती जणांना देता आलं असतं?

म्हणून विद्यार्थी "सर, लाल मुनिया कुठे मिळेल?" असं विचारतात तेव्हा मी बाजाराचं नाव सांगत नाही. रंगवून विकल्या जाणाऱ्या मुनियाही घेऊ नका म्हणतो. त्या रानातूनच आलेल्या असतात. झेब्रा घ्या, आणि आधी पेटी करा.

पेटी सोपी आहे. प्लायवूडचा साधारण 5 इंचांचा चौकोन करायचा, पुढची फळी खालून अर्धीच लावायची आणि वरचं झाकण उघडता आलं पाहिजे. आतून रंग नको. बाजारातलं लहान तोंडाचं मडकंही चालतं, फक्त ते तारेने घट्ट बांधा, डोलायला नको. जितक्या जोड्या त्यापेक्षा जास्त पेट्या ठेवा आणि त्या सगळ्या एकाच उंचीवर लावा. उंचावरच्या एकुलत्या एका पेटीवरून झालेली भांडणं मी मोहल्ल्यात आणि पिंजऱ्यात सारखीच पाहिलीत. भरायला सुकं गवत आणि आखूड कापलेला काथ्या द्या. शिवणाचा दोरा अजिबात नको, पिल्लांच्या पायात अडकतो. आणि अंडी दिसली की उरलेला काथ्या काढून घ्या, नाहीतर झेब्राची जोडी अंड्यांवरच नवा थर घालून वर पुन्हा अंडी घालते.