होशरुबाच्या आत

नववीच्या वर्गात एका मुलीचा मोबाइल आम्ही काढून घेतला. पुस्तकाच्या आड ती रोज एक प्रकरण येणारी कादंबरी वाचत होती. काही माणसे अनोळखी जागेत कोंडली जातात. नियम चुकला की मरण, आणि नियम कोणी केले हेच कोडे. एकमेकांवर संशय घेणारे दोघे शे-दीडशे प्रकरणांनंतर कुठे जवळ येतात. "सर, उर्दूत असे काही नाहीच," ती म्हणाली. उर्दूत होते. आम्हीच कधी सांगितले नव्हते.

'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला भाग १८८३ साली लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून निघाला. 'दास्तान-ए-अमीर हमजा'च्या ४६ खंडांतला हा सर्वांत गाजलेला हिस्सा. पहिले चार भाग मुहम्मद हुसेन जाह यांनी १८९० पर्यंत लिहिले, मग ते बाजूला झाले. उरलेले तीन अहमद हुसेन कमर यांनी १८९३ पर्यंत पुरे केले. दहा वर्षे वाचक पुढच्या भागाची वाट पाहत राहिले. मध्येच लेखक बदलला, तरी दास्तान थांबली नाही.

तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेला मुलूख. होशरुबाचे जाहिर, बातिन आणि जुल्मात असे तीन प्रदेश. मध्ये वाहत्या रक्ताची नदी. एकदा आत शिरलेल्याला तिलिस्म फुटेपर्यंत परतीची वाट नाही. बादशहा अफ्रासियाब सर्वशक्तिमान, पण नियम त्यालाही चुकलेले नाहीत: तिलिस्म फोडणाऱ्याचे नाव आधीच ठरलेले आहे, अमीर हमजाचा नातू असद. त्यासाठी हवी 'लौह', म्हणजे पाटी (मराठी वाचकांनी लोखंड समजू नये). कुठे काय करायचे ते लौह सांगते. तिला न विचारता पाऊल टाकले की घात. इकडे अमर अय्यारला जादू येत नाही. वेषांतर, बेशुद्धीचे औषध आणि सगळे गिळणारी 'जंबील' ही झोळी, एवढ्यावर तो मोठमोठ्या जादूगारांना लोळवतो. खरे सांगायचे तर आमचा जीव असदपेक्षा या लोभी, विनोदी अमरवरच जास्त.

असद आणि महजबीन यांचे प्रेम पहिल्याच नजरेत जडते, हे कबूल. पण मीलन सहज हाती लागत नाही. दोघे कैदेत पडतात आणि कथा दुसरीकडेच भरकटते. खरी संथ आंच आहे ती पक्ष बदलणाऱ्या जादूगारणींच्या मनात. महरुख अफ्रासियाबविरुद्ध बंडाचे निशाण उभारते. त्याच्या राणीची, हैरतची, बहीण बहार शत्रूच्या छावणीत येऊन मिळते. घरच्यांशी लढायचे कसे, हा त्यांचा पेच.

जाह आणि कमर या मजकुराला फारसीचा तर्जुमा म्हणत. मूळ थेट अकबराच्या दरबारातल्या फैजीपर्यंत नेत. असा फारसी ग्रंथ कोणालाही सापडलेला नाही. शम्सुर्रहमान फारुकींनी सगळे ४६ खंड जमवून अभ्यासले. होशरुबाची कल्पना लखनौचे दास्तानगो मीर अहमद अली यांची, असे त्यांचे मत. म्हणजे हा माल अस्सल इथलाच. फारसीचा शिक्का फक्त इज्जतीसाठी. हिंदीत देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'त तिलिस्म आणि अय्यार आले ते याच वाटेने.

मग ही दास्तान आमच्या मुलांपर्यंत का पोचली नाही? १८५७ नंतर सुधारकांना हा सगळा रिकामा वेळ वाटू लागला. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप मुलाची पुस्तके जाळतो, आणि लेखक बापाच्या बाजूने उभा आहे. शिक्षणाच्या तळमळीतून हे झाले; आम्ही तिचा अनादर करत नाही. पण गालिबसारख्या माणसाला हमजाच्या दास्तानीचा शौक होता, हे त्याच्याच पत्रांतून दिसते. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. २००५ मध्ये फारुकींच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारुकींनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली, पण आमच्या शाळेच्या कपाटात होशरुबा अजून नाही. आणि त्या मुलीचा मोबाइल काढून घेणारे आम्ही, नसूहचेच वारस!

मोबाइल सुट्टीत परत केला. शनिवारी शेवटच्या तासाला अमर अय्यारचा एक किस्सा तोंडी सांगितला. घंटा झाली तेव्हा तो नेमका जादूगारणीच्या कैदेत होता. "सर, सुटतो का?" मागच्या बाकावरून आवाज आला. आम्ही हजेरीपट मिटला आणि म्हटले, पुढच्या शनिवारी.