अंकजोडीच्या मूळ संख्या

दोन किंवा अधिक संख्या सलग लिहून मिळणारी संख्या मूळ असेल, तर ती अंकजोडीची मूळ संख्या ठरते. २, ३, ५, ७ जोडून होणारी २३५७ मूळ आहे. याच क्रमाने मूळ संख्या जोडत गेल्यास पुढची मूळ संख्या थेट ३५५ अंकी मिळते. तिच्यातला शेवटचा घटक ७१९.

महाराष्ट्रात या विषयाला सर्वांत जवळचे काम दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे. डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ या स्थिरांकामुळे ते जगाला माहीत झाले, पण त्यांच्या डेम्लो संख्यांकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांचा सिद्धांत मांडला. ‘डेम्लो’ हे नाव डोंबिवली स्टेशनावरून पडल्याचे सांगतात.

डेम्लो संख्येत मधला अंक एकच असतो, हव्या तितक्या वेळा आलेला. दोन टोकांची बेरीजही तोच अंक देते. उदा. ४७७७३ : ४ + ३ = ७. टोके एकअंकी असली, तर ती शेजारी ठेवून एकांच्या ओळीने गुणले की डेम्लो संख्या मिळते : ४३ × ११११ = ४७७७३. अर्थात ती मूळ असू शकत नाही. १२१, १२३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंतच्या ‘अद्भुत’ डेम्लो संख्या तर ११, १११ अशा ओळींचे वर्गच आहेत.

दहाव्या पायरीला मात्र वाट फुटते. दहा एकांच्या ओळीचा वर्ग केला तर हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. हातचा न घेता मध्ये १० तसेच जोडले, तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी मूळ संख्या मिळते. गुणाकार आणि जोडणी यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

१, २, ३… असे केवळ चढते जोडत गेल्यास अद्याप एकही मूळ संख्या सापडलेली नाही. शेवटचा घटक सम किंवा ५ च्या पटीतला असून चालत नाही. त्याला ३ ने भागल्यावर बाकी १ च उरावी लागते, नाहीतर साऱ्या संख्येला ३ ने भाग जातो.



मूळ अवयव जोडत जाण्याचाही प्रकार आहे. १० चे मूळ अवयव २ व ५. त्यावरून २५, मग तेच पुन्हा करत ५५, ५११ आणि शेवटी ७७३ ही मूळ संख्या. ४९ पासून निघाल्यास ७७, ७११, ३३७९, ३११०९ असे पुढे जाता येते. पण ही मालिका कोणत्या मूळ संख्येवर थांबते, हे अद्याप ठरलेले नाही.