थर आवाजाचे की सूचनांचे? घरगुती स्टुडिओतल्या लेअरिंगचा इतिहास कसा लिहायचा

घरी बसून संगीत तयार करणाऱ्या कुणाचाही कॉम्प्युटर बघा. कानाला एकच वाद्य वाजतंय असं वाटतं, पण स्क्रीनवर त्याच्यामागे तीन-चार सॉफ्टवेअर सिंथेसायझर रांगेत उभे असतात. एक खालचा जाड खर्ज सांभाळतो, दुसरा मधला भरीव भाग, आणि तिसऱ्याकडे फक्त सुरुवातीचा 'टक्' असा आघात असतो. सगळ्यांना सुरावट एकच पाठवलेली असते. ह्याला लेअरिंग म्हणतात. आपण 'थर लावणं' म्हणू.

ह्या विषयावर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो तो 'हे कोणी सुरू केलं?' हा प्रश्न बाजूला ठेवा. का, ते आपल्या पेटीकडे बघून लगेच कळेल. खर्ज-नर सुरांच्या पेटीत एक पट्टी दाबली की दोन सूर एकदम बोलतात. कपलर लावला तर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही आपोआप दबते. युरोपातल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये वेगवेगळ्या नळ्यांचे संच एकत्र वाजवायची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे 'पहिला कोण' शोधायला निघालात तर मागे मागेच जात राहाल, हाती काही लागणार नाही.

त्याऐवजी असं विचारा: थर लावताना नेमकं साठवलं काय जात होतं? आवाज, की आवाज काढायच्या सूचना? ह्या एका प्रश्नाने इतिहासाचे टप्पे वेगळे दिसायला लागतात.

पहिला टप्पा आवाज साठवण्याचा. अमेरिकेत लेस पॉल ह्यांनी १९४८ साली आलेल्या 'लव्हर' ह्या ध्वनिमुद्रिकेसाठी गिटारचे आठ भाग स्वतःच वाजवून एकावर एक चढवले, तेही घरच्या गॅरेजमध्ये. पद्धत अशी, की एका तबकडीवरचं वाजवायचं, त्याच्या साथीला नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. प्रत्येक फेरीत आधीच्या थरांचा दर्जा थोडा उतरायचा, आणि चूक झाली की ती काढून टाकायची सोय नाही. वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, वेंडी कार्लोस ह्यांचा 'स्विच्ड-ऑन बाख' आला. त्यांचा मूग सिंथेसायझर एका वेळी एकच सूर वाजवायचा आणि सुरातून सारखा उतरायचा. त्यामुळे एकेक ओळ वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर घ्यावी लागली. हा रेकॉर्डरही त्यांनी सुटे भाग जमवून तयार केला होता. कष्ट प्रचंड, पण प्रत्येक थर आवाज म्हणून टेपवर उतरत होता, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा सूचनांचा. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसराही वाजायचा. हीच मिडीची सुरुवात. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. 'अमुक सूर, एवढ्या जोराने, आता' एवढंच जातं. एक सूर सुरू करायची सूचना ३ बाइटची. सीडीच्या दर्जाचा एक सेकंद स्टिरिओ आवाज साठवायला १,७६,४०० बाइट लागतात. फरक किती मोठा आहे बघा! सूचना एवढी हलकी असल्यामुळे तीच एकाच वेळी दोन, तीन, चार यंत्रांना पाठवणं सहज शक्य झालं. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीची जोडणी मुळातच होती, आणि १९८९ मध्ये त्याच्यावर क्यूबेस आलं. रचना आता फ्लॉपीवर मावायला लागली.

तरीही मर्यादा होतीच, ती पैशाची आणि यंत्राच्या ताकदीची. आणखी एक थर हवा तर बऱ्याचदा आणखी एक कीबोर्ड विकत घ्यावा लागायचा. एकाच यंत्रात थर लावायची सोय १९८७ च्या रोलँड डी-५० मध्ये होती, पण दोन टोन एकत्र वाजवले की १६ ऐवजी ८ च सूर एका वेळी मिळायचे. थराची किंमत सुरांत मोजावी लागायची.

तिसरा टप्पा आपला. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा प्लगइनचा प्रकार आणला आणि १९९९ मध्ये त्यात वाद्यांची सोय केली. आता सिंथेसायझर म्हणजे एक प्रोग्रॅम झाला, आणि तो एकदा घेतला की प्रोसेसरला झेपेल तितक्या वेळा उघडता येऊ लागला. मर्यादा पैशाकडून प्रोसेसरकडे सरकली. २००३ च्या सुमारास त्यावरही 'फ्रीझ' नावाचा उपाय आला: एखादा थर तात्पुरता आवाजाच्या फाइलमध्ये उतरवायचा आणि प्रोसेसर मोकळा करायचा.

आता ह्या इतिहासातली खरी अडचण. लेअरिंग ज्या गोष्टीमुळे सोपं झालं, तिच्यामुळेच त्याचा पुरावा कच्चा झाला. प्रोजेक्ट फाइलमध्ये सूचना असतात, प्लगइनची नावं असतात, प्रत्येक थर किती बेसूर ठेवलाय त्याचे आकडे असतात. प्रत्यक्ष आवाज मात्र त्या प्लगइनने दर वेळी नव्याने काढायचा असतो. बंदिशीचं नोटेशन हाती आहे, पण ती गाणारं कुणी उरलेलं नाही, तशी ही अवस्था. आणि प्लगइन टिकत नाहीत. ॲपलने २००२ मध्ये इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिक हे सॉफ्टवेअर विंडोजवर बंद झालं. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालेनासे झाले. २०२२ मध्ये स्टाइनबर्गने जुन्या व्हीएसटी-२ चा आधार काढून घेत असल्याचं जाहीर केलं.

तुम्ही म्हणाल, तयार गाणं तर उरतंच ना? उरतं. पण त्यावरून थर मोजता येत नाहीत. ७ आणि ५ मिळून १२ होतात; हातात फक्त १२ असतील तर ते ७ आणि ५ चे, की ६ आणि ४ आणि २ चे, हे कसं सांगणार? म्हणून उलटंच चित्र दिसतं. कार्लोस ह्यांच्या आठ ट्रॅकच्या टेपसारखी टेप जपलेली असेल तर थर वेगळे ऐकता येतात, आणि २००३ साली घरी केलेल्या गाण्याचे थर कदाचित कायमचे गेलेले असतात.

ह्यातून तुमच्या कामासाठी तीन गोष्टी सांगतो.

एक, मुलाखतीला गेलात तर आठवणींच्या आधी फोल्डर मागा. त्यात फ्रीझच्या फाइल राहिलेल्या असू शकतात. प्रोसेसर वाचवायला केलेली ती तात्पुरती सोय आज तुमच्यासाठी प्राथमिक साधन आहे. प्रोग्रॅमची आणि प्लगइनची आवृत्ती तिथल्या तिथे टिपून घ्या.

दोन, जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर मालकाच्या परवानगीने प्रत्येक थर वेगळी आवाजाची फाइल म्हणून काढून घ्या. हे काम पुढच्या भेटीवर ढकलू नका. पुण्या-कोल्हापुरातल्या एखाद्या घरगुती स्टुडिओत माळ्यावर पडलेला असा कॉम्प्युटर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जायला वेळ लागत नाही.

तीन, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि १९८५ पासून निघणाऱ्या 'साउंड ऑन साउंड'सारख्या मासिकांचे जुने अंक वाचा, पण त्यांचा वापर जपून करा. काय करणं शक्य होतं आणि लोकांना काय करायला सांगितलं जात होतं, हे त्यांतून कळतं. लोकांनी घरी प्रत्यक्ष काय केलं, हे त्यांतून सिद्ध होत नाही. प्रबंधात ह्या दोन वाक्यांची सरमिसळ झाली, तर मार्गदर्शक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

विषय संगीताचा नसला तरी हा प्रश्न स्वतःच्या साधनांना विचारून बघा. तुमच्या हातात वस्तू आहे, की ती पुन्हा उभी करायच्या सूचना? सूचना असतील तर त्या वाचणारं यंत्र आज कुठे चालू आहे, ते आराखडा लिहायच्या आधी शोधून ठेवा.