औषधजन्य दृष्टिभास (वृद्धांतील)

औषधाच्या परिणामामुळे वृद्ध व्यक्तीला समोर नसलेली माणसे, प्राणी किंवा वस्तू जागेपणी स्पष्ट दिसू लागणे, या अवस्थेस औषधजन्य दृष्टिभास म्हणतात. दोरीच्या जागी साप दिसणे हा भ्रम होय, कारण तेथे दोरी तरी असते. भासात मुळाशी काहीच नसते. उतारवयात मूत्रपिंडे व यकृत यांचे काम मंदावल्याने औषध शरीरात रेंगाळते आणि स्मृती व अवधान सांभाळणारे ॲसिटिलकोलीन हे मेंदूतील रसायन आधीच घटलेले असल्याने, त्याची क्रिया रोखणारी औषधे वृद्धांना विशेष बाधतात. कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल, मूत्राशयाच्या तक्रारींवरील ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीच्या गोळ्यांतील, म्हणूनच निरुपद्रवी मानले जाणारे क्लोरफेनिरामीन ही त्यांतील काही होत. सातारा-सांगली परिसरात रस्त्याकडेला उगवणाऱ्या आणि महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन याच रीतीने काम करतात. त्यामुळे घशाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, लघवी अडणे, असंबद्ध बडबड व हवेतले काही वेचू पाहणे ही धोतऱ्याच्या विषबाधेची लक्षणे या गोळ्यांच्या अतिमात्रेतही आढळतात. लेव्होडोपा व प्रामिपेक्सोल ही कंपवातावरील औषधे मात्र डोपामीन या मेंदूतील दुसऱ्या रसायनाची क्रिया वाढवून भास घडवितात, आणि त्या वेळी रुग्ण अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक व स्टेरॉइडे यांमुळेही भास होऊ शकतात.

मेलेली माणसे अंगणात दिसतात असे म्हातारे माणूस सांगू लागले, की खेड्यापाड्यांत अजूनही बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेले जाते आणि गोळ्यांची पाकिटे कोणी तपासत नाही, ही गोष्ट क्लेशदायक आहे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी अशा समजुतींविरुद्ध आयुष्य वेचले. भूत उतरविण्याच्या बहाण्याने रुग्णास बांधणे वा मारणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

निदानात पहिला प्रश्न नव्याने सुरू झालेल्या किंवा मात्रा वाढविलेल्या औषधाचा असावा. त्याचबरोबर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, दारू अथवा झोपेची गोळी एकाएकी सुटणे, लेवी पिंडांचा (मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनपुंजांचा) स्मृतिभ्रंश, तसेच मोतीबिंदूसारख्या कारणाने दृष्टी अधू झाल्यावर होणारा शार्ल बॉने विकार हेही पडताळावे लागतात. कारणीभूत औषध कमी केल्यास वा बदलल्यास भास बहुधा ओसरतात. तथापि लेव्होडोपा एकदम तोडल्यास तीव्र ताठरता व ज्वर येऊन जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे अशा दुष्परिणामांची नोंद रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात.